कॉलरला लावलेला कान

बहिऱ्या माणसाशी ओरडून बोलायचं असतं, हा शोध ज्याने लावला त्याला मला एकदा भेटायचंय. आमच्या दुकानात येणाऱ्या नव्या गिऱ्हाइकाला जाऊबाईंना ऐकू येत नाही हे कळायचा अवकाश, की ते गळ्याच्या शिरा ताणून "बाही आखूड करायचीये!" असं कोकलतं. जाऊबाई शांतपणे त्याच्या तोंडाकडे बघतात आणि सांगतात, "हळू बोला. ओरडलं की ओठ वेडेवाकडे होतात, मग मला वाचता येत नाहीत." गिऱ्हाईक ओशाळतं. मग तेच वाक्य ते माझ्याकडे वळून सांगतं, तेही ओरडून. माझे कान ठणठणीत आहेत.

जाऊबाई म्हणजे माझी थोरली जाऊ. तळमजल्यावर त्यांचं शिवणाचं दुकान आणि वर आमची दोन बिऱ्हाडं, समोरासमोर. दुकानात नवे कपडे कमी, दुरुस्ती जास्त. कुणाची पँट लांब, कुणाचा कोट पोटावर बसत नाही, कुणाच्या बॅगेची चेन गेलेली. माझे थोरले दीर गेले तेव्हा त्यांची लेक शाळेत होती. तिचं शिक्षण, लग्न, सगळं त्या एका शिलाई मशीनवर झालं. कुणापुढे हात पसरला नाही आणि कुणाला तसं बोलूनही दाखवलं नाही. दुपारची कामं आटोपली की मी खाली जाऊन काज-बटणं करते. घरात बसून भांड्यांशी बोलण्यापेक्षा ते बरं.

त्यांचे कान एकदम गेले नाहीत. तिशी उलटल्यावर हळूहळू जायला लागले. आधी दारावरची बेल गेली, मग फोनवरचं बोलणं गेलं आणि लेक जेमतेम लिहायला-वाचायला शिकली तोवर माणसांचे आवाजही गेले. कानात घालायचं मशीन आणलं होतं. पण त्यातून माणसाच्या बोलण्यापेक्षा शिलाई मशीनची खडखडच मोठी यायची. शेवटी ते डब्यात गेलं आणि जाऊबाई ओठ वाचायला शिकल्या. कुणी शिकवलं नाही, कुठे वर्ग लावला नाही. एवढ्या सराईत झाल्या की आमचे हे त्यांच्यासमोर पुटपुटायलाही घाबरायचे.

पण शिवणकामात एक अडचण आहे. ती बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. माप बघायचं तेव्हा गिऱ्हाईक आरशासमोर ताठ उभं असतं आणि शिवणारी त्याच्या पायाशी गुडघे टेकून बसलेली असते. तोंडात टाचण्या, नजर कापडाच्या कडेवर. ओठ वर, डोळे खाली. जाऊबाई दर टाचणीला मान वर करून आरशात गिऱ्हाइकाचं तोंड बघायच्या. इतकी वर्षं तसंच निभावलं.

एका शाळेतल्या बाईंच्या कोटाच्या वेळी मात्र ते निभावलं नाही. कोट त्यांच्या वडिलांचा होता. वडील वारले होते आणि बाईंना तो स्वतःच्या मापाचा करून घालायचा होता. जाऊबाईंनी खांद्यांवर खडूने खुणा केल्या, मग लांबीसाठी खाली बसल्या. आणि नेमकं तेव्हा, आरशात स्वतःकडे बघताना, बाईंचं मन बदललं. "लांबी राहू द्या. बाबांना होता तेवढाच लांब असू दे," त्या म्हणाल्या. जाऊबाईंची मान त्या क्षणी खाली होती. मी त्या दिवशी बँकेच्या रांगेत उभी होते. जाऊबाईंनी ठरल्याप्रमाणे कोट कापला, सुरेख टीप घातली, इस्त्री करून टांगून ठेवला.

बाई न्यायला आल्या तेव्हा त्या भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कोट छातीशी धरला, "लांबी बाबांना होती तेवढीच राहू द्या, असं मी सांगितलं होतं तुम्हाला," एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या. हे वाक्य जाऊबाईंना नीट वाचता आलं. त्यांनी चिंध्यांचं पोतं जमिनीवर उपडं करून कापलेली पट्टी शोधून काढली, जोडून देते म्हणाल्या. पण जोड दिसणारच होता. बाई नको म्हणाल्या आणि गेल्या. त्या पुन्हा आमच्या दुकानात आल्या नाहीत.

त्या संध्याकाळी जाऊबाईंनी शटर ओढलं ते ओढलंच. "कानाला खडा लावला," मला म्हणाल्या. "कान असते तर आधीच लावला असता."

मी हसले नाही. त्यांना हसवायचं होतं, हे कळूनही हसले नाही.

लेक कधीची मागे लागली होती. ती दूरच्या शहरात नोकरी करते. व्हिडिओ कॉलवर ओठ आणि हातवारे यांची खिचडी करून मायलेकी बोलायच्या, आणि दर वेळी शेवट एकच असायचा, "आई, बास आता. तुला जमत नाहीये. माझ्याकडे ये." जाऊबाई दर वेळी विषय बदलायच्या. या वेळी मात्र त्यांनी मान डोलावली. लेक म्हणाली, सुट्टी घेऊन येते, तुला घेऊनच जाते. दुकानाची जागा भाड्याने द्यायचं ठरलं. मशीन कुणाला विकायचं यावरही बोलणं झालं. मला राग आला होता. नेमका कुणाचा ते सांगता येईना, म्हणून मी तो आमच्या ह्यांच्यावर काढला.

आता फोनबद्दल सांगते. लेकीने आदल्या वर्षी आईला चांगला मोठा फोन दिला होता. आमच्याकडे सगळ्यांकडेच फोन आहेत. मी त्यावर दुसऱ्यांची लग्नं बघते. जाऊबाईंनी मात्र त्याला पहिल्या दिवसापासून नोकरासारखं कामाला लावलं. सुईत दोरा ओवायला त्यातलं भिंगाचं ॲप, कारण चाळिशी आता साठीकडे निघालेली. पहाटे उठवायला उशीखाली थरथरणारा गजर. बटणांच्या बाजारात जायचं तर नकाशा उघडून बसमध्ये बसायचं. स्टॉपचं नाव ओरडलं तरी जाऊबाईंना काय कळणार? त्या नकाशावरच्या निळ्या ठिपक्याकडे बघत बसायच्या आणि बरोबर जागी उठायच्या. एकदा मी सोबत होते. गप्पांच्या नादात मी दोघींना दोन स्टॉप पुढे नेलं. त्या दिवसापासून त्या माझ्यापेक्षा ठिपक्यावर जास्त विश्वास ठेवतात. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते हेच.

शटर ओढल्यानंतर त्या चष्म्याचा नंबर बदलायला गेल्या. जायच्या आधी ही कामं उरकत होत्या. तिथल्या मुलीने त्यांना काहीतरी विचारलं, त्यांना कळलं नाही. मग त्या मुलीने स्वतःचा फोन काढला, त्याच्याशी बोलली आणि पडदा जाऊबाईंसमोर धरला. बोललेलं सगळं तिथे लिहून आलेलं. काचा जाड हव्यात की पातळ, एवढंच ते होतं. जाऊबाई तिथून जवळजवळ धावत घरी आल्या. मी कणीक मळत होते. माझ्या पिठाच्या हातात फोन कोंबला आणि म्हणाल्या, "हे माझ्यात आहे का बघ."

होतं. घेतल्यापासून होतं. आतल्या आत कुठेतरी, कुणी न उघडलेल्या पानावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

त्या रात्री त्यांनी जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीला टेकवून फोन उभा केला. "या घरात रोज काय बोलता ते बघू दे मला." आमचे हे तर भाषणाला उभं केल्यासारखे गप्प झाले. मग हळूहळू विसरले आणि नेहमीसारखं सुरू झालं. टाकीचं पाणी, टाकीचा पंप, पंपवाल्याने कसं फसवलं, आमटीत मीठ कमी आहे, पुन्हा टाकी. जाऊबाई जेवण सोडून वाचत होत्या. शेवटी त्यांनी मान वर केली.

"हे रोज असंच बोलता?"

"हो. का?" मी विचारलं.

"इतकी वर्षं मला वाटत होतं, तुम्ही काहीतरी मोठं बोलताय आणि ते माझ्यापर्यंत पोचत नाहीये. कधी कधी वाटायचं, माझ्याबद्दलच बोलताय."

"वहिनी," आमचे हे म्हणाले, "टाकीतून फुरसत मिळाली तर तुमच्याबद्दल बोलणार ना!"

हे वाक्य पडद्यावर उमटलं. जाऊबाईंनी वाचलं आणि खळखळून हसल्या. आपला आवाज किती मोठा आहे ते त्यांना कळत नाही, त्यामुळे त्यांचं हसणं खालच्या रस्त्यापर्यंत जातं. कितीतरी दिवसांनी गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर अर्धं वर होतं. उघडं नाही आणि बंदही नाही. "फक्त बघतेय जमतं का," म्हणाल्या. दुधाने तोंड पोळलेलं होतं, ताक फुंकून पिणं चालू होतं. मी गिऱ्हाईक व्हायचं आणि त्या शिवणार. मला आरशासमोर उभं करून माझ्या जुन्या झग्याच्या कडेला त्यांनी इतक्यांदा टाचण्या लावल्या की तो झगा शेवटी चाळणी झाला. फोन टेबलावर ठेवला तर लांबून नीट लिहीना. मशीन चालू असताना बोललं तर पडद्यावर नुसता गोंधळ. मग त्यांनी ठरवलं की कुणी तोंड उघडलं की पायडलवरचा पाय उचलायचा. तरी मी आरशाकडे तोंड करून हळू बोलले की अर्धं वाक्य गळायचं.

यावर त्यांनी काय करावं? व्हिडिओ बनवणारी मुलं कॉलरला लावतात तो चिमुकला बिनवायरचा माइक मागवला. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की टेप गळ्यात अडकवावा तितक्या सहज त्या माइक त्याच्या कॉलरला चिमटवतात. आणि फोन ठेवतात कुठे? आरशाच्या पायाला, खाली, गुडघे टेकून बसल्यावर थेट डोळ्यांसमोर येईल असा, इलॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधून. अक्षरं एवढी मोठी की मला बटणं लावता लावता माझ्या स्टुलावरून वाचता येतात. आता वर ओठ हलले की खाली शब्द येतात. मान वर करायची गरजच नाही. मी म्हटलं, "ताई, भिंतीला कान असतात ऐकलं होतं. तुम्ही तर कॉलरलाच लावलात." त्या तोंडात टाचण्या असतानाही हसल्या. ते धोक्याचं असतं, पण त्यांना जमतं.

फोन चुकतो, हे त्या विसरत नाहीत. म्हणून कात्री हातात घेण्याआधी त्या पडद्यावरचं सगळं गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवतात. "कंबर सैल, लांबी आहे तेवढीच. बरोबर?" गिऱ्हाइकाने मान हलवल्याशिवाय कापडाला कात्री लागत नाही. दारावर कुणी टकटक केली की फोनचा दिवा लुकलुकावा असंही काहीतरी त्यांनी शोधून काढलं. तो मी शिंकले तरी लुकलुकतो आणि त्या दार उघडायला जातात. ते असो. हळूहळू शटर पूर्ण वर गेलं. गिऱ्हाइकं परत यायला लागली, काही नुसती माइक लावून घ्यायला. मी हे जवळून बघितलंय म्हणून सांगते, मला आयुष्यात फार कमी माणसांचा अभिमान वाटला आहे आणि त्यात जाऊबाईंचा नंबर वरचा आहे.

आणि एवढ्यात लेक आली. हातात रिकामी सुटकेस घेऊनच आली, आईचे कपडे भरायला.

तिला सगळं दाखवलं. तिने बघितलं, कौतुक केलं, आणि म्हणाली, "छान आहे. पण फोन बंद पडला तर? नेट गेलं तर? मागे आग लागली आणि तुला कळलंच नाही तर?" जाऊबाई म्हणाल्या, आग लागली तर वास येतो, नाक शाबूत आहे. लेक चिडली. जाऊबाईंनी सांगितलं की त्या येणार नाहीत. लेक म्हणाली, तू कबूल केलं होतंस, मी वरची खोली रंगवून घेतली आहे, आई, तुला आता जमणार नाही हे तू मान्य का करत नाहीस! जाऊबाईंनी हे शेवटचं वाक्य पडद्यावर वाचलं आणि फोन उलटा करून ठेवला. बहिऱ्या माणसाने भांडण संपवायची ही पद्धत फार परिणामकारक आहे. दोघी तोंड फिरवून बसल्या. सुटकेस मधल्या वाटेत पडून होती, मी तिला दोनदा ठेचकाळले.

परतीच्या आदल्या दिवशी दुपारी लेक दुकानात येऊन बसली. अबोला चालूच होता. तिची नवी पँट टाचेखाली लोळत होती. ते बघून जाऊबाईंना राहवेना. रागावलं तरी शिवणारीच ती. "उभी राहा," म्हणाल्या. लेक आरशासमोर उभी राहिली. जाऊबाईंनी रोजच्या सवयीने तिच्या कॉलरला माइक चिमटवला, तोंडात टाचण्या धरल्या आणि खाली बसल्या. मी माझ्या स्टुलावर बटणं लावत होते.

जाऊबाईंनी एका पायाच्या कडेला टाचण्या लावल्या. मग लेक आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "काकू, लहानपणी मी इथेच उभी राहायचे. आई खाली बसून माझ्या युनिफॉर्मला टाचण्या लावायची आणि मी तिला सगळं सांगायचे. शाळेत कोण चिडवतं, कुणाशी भांडण झालं. बाबा गेले तेव्हा तर रोज काहीतरी काढून उभी राहायचे, हे उसवलंय, ते लांब आहे. तिची मान खाली असायची म्हणून सांगायचे. समोर बघून सांगितलं असतं तर ती रडली असती."

माझी नजर आरशाच्या पायाकडे गेली. शब्द एकामागून एक येत होते. जाऊबाईंचा हात पँटच्या कडेवर थांबला होता. जन्मभराची सवय अशी की आई खाली बसली म्हणजे तिला काही कळत नाही, हेच लेकीच्या डोक्यात पक्कं. कॉलरला काय आहे ते ती साफ विसरली होती.

मी तिला थांबवू शकले असते. "आणि आता?" मी विचारलं.

"आता तिथे मला सांगायला कुणी नाही. कामावरून येते तर घर गप्प. नवऱ्याची रात्रपाळी असते, तो येतो तेव्हा मी निघते. आजारी पडले होते मध्ये, शेजारच्यांना माझं नावही माहीत नव्हतं." तिने नाक ओढलं. "आईला काही होईल म्हणून मी तिला नेत नाहीये, काकू. ती इथे माझ्यापेक्षा बरी आहे. मलाच ती हवी आहे. पण असं कसं म्हणायचं? एवढी मोठी झाले मी."

जाऊबाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मनगटावरच्या गादीत खोचल्या. टाचण्या तोंडात असताना बोलता येत नाही, म्हणून तेवढा वेळ गेला. मला तो फार मोठा वाटला.

"दुकान मी बंद करणार नाही," त्या म्हणाल्या.

लेक दचकली. तिने खाली बघितलं, पडद्यावर स्वतःचीच वाक्यं दिसली आणि तिचा हात कॉलरकडे गेला. "आई, तू..."

"माझं होऊ दे आधी. दुकान बंद करणार नाही. तू म्हणालीस, आई तुला जमणार नाही. त्यासाठी मी कुठेही येणार नाही, कुणी ओढून नेलं तरी नाही. पण मला करमत नाही, ये, असं म्हणाली असतीस तर मी त्याच दिवशी बसमध्ये बसले असते. दोन महिने येते. तुझ्याकडे राहायला, तुझ्यासाठी. मग परत येईन. तोवर तुझी काकू शटर उघडेल."

"मी?" मी म्हटलं. कुणी लक्ष दिलं नाही.

"आणि नंतर रोज फोन कर. हातवारे नकोत, साधा फोन. तू बोल, मी वाचेन."

लेकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती चाचपडत माइक काढायला लागली. जाऊबाईंनी हात उंच करून तिचा हात धरला.

"राहू दे तो. लहानपणी इथे उभी राहून काय काय सांगितलंस?"

"आता कुठे आठवतंय आई सगळं."

"आठवेल तेवढं सांग. आरशात ओठ हलताना दिसायचे, पण तेव्हा मला ते वाचता येत नव्हते. मला वाटायचं, तू गाणं म्हणतेस."

लेकीने माझ्याकडे बघितलं. मला रडू आवरत नव्हतं आणि बटणात दोरा अडकला होता. दाराशी एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. त्याला मी हातानेच उद्या या म्हणून सांगितलं आणि शटर अर्धं ओढून घेतलं.

"शाळेत एक मुलगी होती," लेक आरशाकडे तोंड करून बोलायला लागली, "ती मला तुझ्यावरून चिडवायची..."

जाऊबाईंनी पदराने चष्मा पुसला, भिंतीला पाठ टेकून जमिनीवर नीट बसल्या आणि वाचायला लागल्या.